डाव्या भुवईवरची खूण

आमच्या घरच्या अल्बममध्ये माझा डावा गाल जवळपास नाहीच. कॅमेरा दिसला की आई माझी हनुवटी धरून तोंड फिरवायची. डाव्या भुवईवर जन्माची खूण होती. डॉक्टरांनी चिमटा लावून मला बाहेर काढलं, तेव्हाची. "ओढून काढलं हो माझ्या पोरीला," असं ती लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये येईल त्या शेजारणीला ऐकवायची. खुणेचं मला काही वाटायचं नाही, पण या ऐकवण्याचा भयंकर राग यायचा.

मला दिवस गेले तेव्हा पहिलं बाळंतपण माहेरी, हा नियम तिनंच मोडला. नवरा मानेसरच्या कारखान्यात, आमचा फ्लॅट नव्या गुडगावात, आणि तिथल्या नर्सिंग होममध्ये म्हणे चिमट्याऐवजी मशीन आलं होतं. बाळाच्या डोक्याला मऊ वाटी चिकटते, मशीन हवा खेचतं, बाळ अलगद येतं. झालं! आई डिंकाचे लाडू घेऊन माझ्याकडेच राहायला आली आणि पहिल्याच भेटीत डॉक्टरीणबाईंना बजावून मोकळी झाली, "चिमटा बिल्कुल नहीं लगाने का." त्या हसल्या आणि हो म्हणाल्या.

त्या दुपारी मी कळा देऊन देऊन थकले, आणि बाळाचं डोकं अगदी खाली येऊन अडकलं. वाटी काढली, मशीन सुरू केलं आणि लाइट गेली. गुडगावात काचेच्या इमारती रोज उगवत होत्या, वीज मात्र स्वतःच्या मर्जीनं यायची. जनरेटर दोनदा खोकला आणि गप्प बसला. बाळाचे ठोके दाखवणारा पडदाही काळा झाला. डॉक्टरीणबाईंनी कपाटातून नरसाळ्यासारखी एक जुनी नळी काढली, माझ्या पोटावर टेकवली आणि तिला कान लावला.

"धड़कन गिर रही है," त्या म्हणाल्या. मग दाराशी उभ्या असलेल्या आईकडे वळल्या. "माताजी, अब बत्ती का इंतज़ार नहीं कर सकते. चिमटा लगाना पड़ेगा. पर आपको ज़बान दी थी, इसलिए बता रही हूँ."

मी "लावा" म्हणणारच होते, पण तोंडातून नुसतं कण्हणं निघालं. आईनं माझ्या भुवईकडे पाहिलं.

"लगाइए," ती म्हणाली. "जल्दी लगाइए."

खिडकीचा उजेड आणि सिस्टरच्या हातातला टॉर्च, एवढ्यावर त्या बाईंनी दोन पाती एकेक करून आत सरकवली. इतक्या हळू, की आई लहानपणी माझ्या केसांतला गुंता सोडवायची ते आठवलं. पुढच्या कळेला मी जीव खाऊन जोर केला, आणि माझी मुलगी रडली. मी आयुष्यात इतकी थक्क कधीच झाले नाही. त्या खोलीत विजेवरचं काहीही चालत नव्हतं, आणि एक नवं माणूस आलं होतं.

नंतर आईनं धुतलेला चिमटा हातात मागितला. सत्तावीस वर्षं ज्याला शिव्या घातल्या, तो तिनं कधी पाहिलाच नव्हता. माझ्या वेळी तिला भूल दिली होती, आणि तिच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघरातली सांडशी होती. तिनं वळणदार, पोकळ पात्यांवरून बोट फिरवलं.

"अगं, ही तर ओंजळ आहे," ती म्हणाली आणि रडायला लागली. "यानंच तर तुला माझ्याकडे दिलं."

संध्याकाळी नवरा कॅमेरा घेऊन आला. मुलीच्या गालांवर दोन लालसर वळ होते. मी तिला जवळ घेतलं आणि सवयीनं माझं तोंड फिरवलं. आईनं माझी हनुवटी धरली आणि पुन्हा कॅमेऱ्याकडे वळवली.