पिवळ्या प्लास्टिकखालचं पाणी

लग्नाआधी मी शहापुरात साड्यांना फॉल लावून द्यायचे. त्या कामात हाताइतकाच डोळा लागतो. राणी रंगाच्या साडीला डाळिंबी फॉल लागला, की गिऱ्हाईक रस्त्यावरूनच भांडत येतं. माझा नियम एकच, शेड बघायची ती उघड्यावर, उन्हात. ही विद्या पुढे पोहण्याच्या तलावावर कामी येईल असं कुणी म्हणालं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

टोकावड्याजवळ मुंबईच्या एका साहेबांचा बंगला होता आणि आमचे हे तो सांभाळायचे. दोन हजार सालाच्या आसपासची ही गोष्ट. बंगल्यामागे निळ्या लाद्यांचा तलाव. रोज सकाळी त्याचं पाणी छोट्या नळीत घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे आणि येईल तो रंग डबीवरच्या चौकोनांशी जुळवायचा. पिवळा आला तर पाणी आंबट. गडद गुलाबी आला तर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यासारखं, डोळे झोंबवणारं. मधला केशरी-लाल आला की आकडा सात-चार, म्हणजे उत्तम. तो आकडा साहेब रोज फोनवर विचारायचे.

घोळ असा, की ह्यांना केशरी, लाल, गुलाबी यातला फरकच दिसत नाही. त्यापायी ड्रायव्हरच्या भरतीत डोळ्यांच्या तपासणीला बाद झाले होते. ते आईलासुद्धा सांगितलं नाही. मला सांगितलं तेही कच्चे टोमॅटो आणले म्हणून मी भांडले तेव्हा. आता ही नोकरीही डोळ्यांपायी जाणार, हीच धास्ती. म्हणून नळी गुपचूप स्वयंपाकघरात यायची. "बघ गो जरा." मी मागच्या दारी उन्हात धरून आकडा सांगायचे आणि साहेबांची शाबासकी हे घ्यायचे. राग यायचा मला. पण त्यांचा उतरलेला चेहरा बघितला की पुन्हा नळी उन्हात धरायचे.

मे महिन्यात बहिणीच्या लग्नाला मी चार दिवस शहापूरला गेले. रविवारी सकाळच्या एसटीने परतले, तर हे फाटकातच खुशीत उभे. "रोज सात-चार. साहेब दुपारी नातवंडं घेऊन येतायत."

"बघितलं कुणी?"

"नाक्यावरच्या चहावाल्याने. डबी दाखवली असती तर त्याने शंभर प्रश्न विचारले असते. नुसती नळी खिशातून नेली. केशरी हाय म्हणाला, रोज."

चहावाल्याच्या टपरीवर उन्हासाठी पिवळं प्लास्टिक ताणलेलं होतं. त्याखाली गुलाबी काय, राणी रंगसुद्धा केशरीच दिसणार. मी पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि तलावावर जाऊन नळी भरली. थेंब पडताच पाणी गडद गुलाबी. चार दिवस नुसती ब्लीचिंग पावडर पडत होती, तिने आकडा वर चढवला होता. उतरवायला अॅसिड टाकून पंप फिरवायला हवा होता आणि त्याला संध्याकाळ होणार होती.

"आता काय सांगायचं गो?" हे खाली बसले. "गप र्‍हाऊ. त्यांना कुठं कळतंय?"

"पोरांचे डोळे झोंबले की कळेल!" मी चिडून म्हटलं. तेवढ्यात ठरल्या वेळेआधीच गाडी आली. पोरं कपडे काढत धावत सुटली, मोठी मुलगी तर काठावर पोचलीसुद्धा. हे मध्ये जाऊन दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"थांबा पोरांनो. साहेब, पाणी चुकलंय. चूक माझी हाय. मला रंग दिसत नाय. रोजचा आकडा ही सांगायची, मी नाय."

आईला न सांगितलेली गोष्ट पाच परक्या माणसांसमोर. नोकरी गेली असं मी धरूनच चालले, आणि तरी मला ह्यांचा एवढा अभिमान वाटला की डोळे भरून आले. साहेबांनी एकदा ह्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"बाई, किती वेळ लागेल?"

मी बंगल्यावर राहायला आल्यापासून त्यांनी मला विचारलेला हा पहिलाच प्रश्न. "संध्याकाळ," मी म्हटलं.

मग दुपारभर मी नळ्या भरत होते आणि हे माझ्या सांगण्यावरून बादलीत अॅसिड मापून ओतत होते. पोरं झाडाखाली कैऱ्या खात आम्हाला घाई करत होती. पाच वाजता रंग मधल्या चौकोनावर आला. मी साहेबांना नळी दाखवली. ते ह्यांना म्हणाले, "आधी तुम्ही उतरा. डोळे उघडे ठेवून बुडी मारा. मग पोरं."

दोन वर्षं काठावरून लांब दांड्याच्या ब्रशने तो तलाव घासणाऱ्या माणसाने पाण्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं. बनियन-हाफपँटवरच ह्यांनी सूर मारला. एवढा वेळ आत राहिले की माझा जीव वरखाली झाला. मग मधोमध डोकं निघालं, टक्क उघड्या डोळ्यांचं.

"नाय झोंबत गो!" ते साहेबांकडे न बघता माझ्याकडे बघून ओरडले, आणि पोरांनी धडाधड उड्या टाकल्या.