बर्फातल्या बाटल्या

१० मार्च २०२३. दोन हिवाळ्यांत अकरा मृत्यू.

अकराही जण खाडीकाठच्या राई गावातले आणि आसपासच्या वस्तीतले, बहुतेक साठीच्या पुढचे, सर्वांना न्यूमोनिया. जेसल पार्कात राहणाऱ्या डॉ. हेमांगी वालावलकर यांनी त्या दिवशी आपला शोधनिबंध प्रसिद्धीसाठी पाठवला. मुंबईतील एका संशोधन संस्थेत त्या एकोणीस वर्षे श्वसनमार्गाच्या जिवाणूंचा अभ्यास करत होत्या. खाडीकाठच्या चौसष्ट रुग्णांपैकी एकाच्याही रक्तात जिवाणू वाढले नाहीत. सबब हा न्यूमोनिया बहुधा विषाणूंमुळे होत असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो छापून आला आणि वस्तीतल्या वृद्धांना न्यूमोनियाच्या जिवाणूवरील लस देण्याचा प्रस्ताव त्याच आधारावर बाजूला पडला.

डिसेंबरात हेमांगी नव्या नमुन्यांसाठी स्वतः राईला गेल्या. तिथल्या लहान दवाखान्यात सर्व रुग्णांचे रक्त घेण्याचे काम परिचारिका सावित्री भोईर करीत. त्या मासेमारी करणाऱ्या घरातल्या. त्यांनी रक्ताची बाटली थर्माकोलच्या डब्यात ठेवली आणि वर ओंजळभर बर्फ लोटला.

“सावित्रीताई, हे काय?”

“बर्फ. बर्फान म्हावरा दोन दिस ताजा ऱ्हातो, मॅडम. तुमचं रगात काय त्याच्याहून नाजूक हाय?”

“कधीपासून ठेवताय?”

“पैल्या दिसापासून. तुमच्याच कागदावर लिवलंय, नमुना जपून ठेवा.”

हेमांगी डब्याशेजारी खाली बसल्या. बाटलीतल्या द्रवात जिवाणू वाढतात ते उबेत. न्यूमोनियाचा नेहमीचा जिवाणू थंडीत तग धरत नाही. चौसष्ट बाटल्या निर्जीव होऊनच प्रयोगशाळेत पोहोचल्या होत्या. मासळी जपणाऱ्या गावाने रक्तही तसेच जपले होते, आणि ‘जपून’ म्हणजे कसे, हे पत्रकात कुठेही नव्हते. हेमांगींनी ते समजावून सांगितले.

“म्हंजे माझं काम जानार?” सावित्रींनी विचारले.

“नाही. पत्रक मी लिहिलं होतं.”

“मंग येवढं शिकून एक वळ जास्त लिवायला काय झालं होतं?”

हेमांगींनी त्याच संध्याकाळी सगळे विभागप्रमुखांना कळवले.

विभागप्रमुखांनी दुसऱ्याच दिवशी तोड काढली. “नमुने हाताळण्यात स्थानिक कर्मचाऱ्याची चूक, असं लिहा. तुम्ही सुटाल.”

“सर, सूचना अपुरी होती. ती माझी.”

“तुमची बढती समितीपुढे आहे. ती अडेल.”

“अडू दे. लसही अडलीय.”

बढती अडली. हेमांगींनी त्याविषयी कुठेही अर्ज केला नाही. त्या हिवाळ्यात त्या रोज सकाळी राईला जात, बाटल्या बर्फाविना सुती पिशवीत घालून स्वतः प्रयोगशाळेत नेत. रविवारही सुटला नाही. “पिशवी उन्हात ठेवू नका हां,” सावित्री आता त्यांनाच बजावत. अठ्ठावन्नपैकी तेरा बाटल्यांमध्ये जिवाणू वाढला. ऑगस्ट २०२४ मध्ये हेमांगींनी आपला निष्कर्ष जाहीरपणे मागे घेतला. कारण म्हणून स्वतःच्या पत्रकातील उणीव नोंदवली. प्रस्ताव पुन्हा विचारात आला. वर्षभर हेलपाटे घातल्यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये राईत लस टोचली जाऊ लागली.

“तुमची चूक सायबांनी वाचली,” सावित्री म्हणाल्या. “आमच्या लोकांना कोन सांगल?”

प्रस्ताव बाजूला पडल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात न्यूमोनियाने आणखी चार माणसे गेली होती. लस मिळाली असती तर त्यांतले कोण वाचले असते, हे कोणतेही शास्त्र सांगू शकत नाही. तरीही दोघी त्या चौघांच्या घरी निघाल्या. नाथा पाटलांची बायको त्या चौघांत होती. पाटलांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

“आता सांगून ती येनार हाय का?”

“नाही.”

“मंग कशाला आलात?”

“मी चुकीचं लिहिलं होतं. ते तुम्हाला माझ्याकडूनच कळायला हवं होतं.”

 लस कुठल्या दिवशी टोचतात, एवढेच पाटलांनी विचारले.

असे तीन घरांत सांगून झाले. चौथे कुटुंब जमीन विकून गाव सोडून गेले आहे; पत्ता अद्याप मिळालेला नाही. त्या कुटुंबाला हा खुलासा देणे बाकी आहे.