झारीचा पहारा

चिंचवडच्या कॉलनीत आमच्या शेजारचे भाऊजी कंपनीत मेंटेनन्सला होते. "तेलपाणी केलं की काही कुरकुरत नाही," हे त्यांचं पालुपद. मग मशीन असो, सायकल असो, नाहीतर दारी आलेला पाहुणा. दुसरा चहा घेतल्याशिवाय त्यांच्याकडून उठताच येत नसे.

कुंपणाशी लावलेल्या तुरीचंही त्यांनी तेलपाणी मांडलं. आठवड्याला युरिया, दोन्ही वेळा पाणी. तूर छपराला टेकली, पण शेंग धरेना. पलीकडे मुरमात आपसूक उगवलेलं तुरीचं झुडूप मात्र लगडलेलं.

भाऊजींनी दोन्हींची मुळं उकरली. मुरमातल्या मुळांना गाठी होत्या, नखाने फोडल्या तर आत लालसर. लाडक्या तुरीला एकही नाही. ते खो खो हसले.

"वहिनी, हवेतलं खत ओढायचं काम या गाठींचं. हिला मी सगळं आयतं दिलं, मग ही कशाला राबतेय!"

पुढच्या वर्षी तूर पेरली, युरिया आणलाच नाही आणि झारी माझ्याकडे आणून दिली. "मी मागितली तरी देऊ नका. तूर सुकायला लागली तरच द्या."

शिफ्ट सुटली की रोज आमची कडी वाजे.

"वहिनी, झारी नको. नुसतं कुठे ठेवलीय तेवढं सांगा."