आईचा पक्ष

परवा माझ्या नातीला कोणीतरी फोन करून डोंगरातल्या रिसॉर्टचा एक आठवडा विकत होतं. दर वर्षी तोच आठवडा, जन्मभर. तिने फोन ठेवला आणि म्हणाली, "आजी, हे टाइमशेअर प्रकरण तुला नाही कळायचं." मला राग आला. राग यायला मला फारसं काही लागत नाही, पण या वेळी कारण चोख होतं. असलं काही घ्यावं की नाही यावरून आमच्या घरात भांडण झालं, तेव्हा तिच्या आईचाही जन्म व्हायचा होता. आणि ते भांडण माझ्या आईने जिंकलं होतं.

आम्ही ठाकूरद्वारजवळच्या एका वाडीत, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत राहत होतो. बाबा, आई, बाबांची थोरली विधवा बहीण म्हणजे माझी आत्या, आणि मी. बाबा फोर्टातल्या एका बोटकंपनीत कारकून होते. दिवसा ऑफिस आणि संध्याकाळी संयुक्त महाराष्ट्राची सभा, असा त्यांचा नेम होता. सभा गिरगावात असो, परळला असो की दादरला, बाबा जायचे आणि घसा बसवून घरी यायचे. मग आई त्यांना गुळण्या करायला मिठाचं गरम पाणी द्यायची. मुंबई मिळवण्याच्या लढ्यात आईचा वाटा तेवढाच, असं बाबांना प्रामाणिकपणे वाटायचं.

योजना आणली ती पहिल्या मजल्यावरच्या शिरस्तेदारकाकांनी. कोर्टातले कागद सांभाळण्यात त्यांची हयात गेली होती, आणि निवृत्त झाल्यावर सांभाळायला कागदच उरले नाहीत म्हणून ते बेचैन होते. लोणावळ्याला एक जुना कौलारू बंगला विकाऊ होता. एकट्याने घ्यायची वाडीत कोणाचीच ऐपत नव्हती. काकांनी ठरवलं, चोवीस कुटुंबांनी मिळून घ्यायचा आणि प्रत्येकाने वर्षातले पंधरा दिवस तिथे राहायचं. एकदा पैसे भरले की ते पंधरा दिवस कायमचे तुमचे, तुमच्या मागे तुमच्या मुलांचे.

चोवीसच का? तर काकांनी वर्ष पक्षांत वाटलं होतं. बारा महिने, प्रत्येकाचे शुद्ध आणि वद्य असे दोन पक्ष. "इंग्रज गेला," ते म्हणायचे, "आता त्याच्या जानेवारी-फेब्रुवारीवर हवा खायला कशाला जायचं?" दिवसच तसे होते. मराठी राज्य मागणाऱ्या माणसाने निदान लोणावळ्याला तरी मराठी महिन्यांनी जावं, हे वाडीला एकदम पटलं. काकांनी लाल शाईच्या रेघा मारून सुरेख तक्ता केला आणि जिन्याजवळ चिकटवला.

मग जो तो एकमेकाला विचारायला लागला, "तुम्ही कोणत्या पक्षात?" ज्या शहरात तेव्हा या प्रश्नावरून डोकी फुटायची, तिथे आमच्या वाडीत लोक खुशाल सांगायचे, "मी वैशाख वद्य." वैशाख सगळ्यात आधी संपला. दिवाळीचा आश्विन वद्य संपला. भाद्रपद शुद्ध, म्हणजे ऐन गणपतीचे दिवस, काकांनी स्वतःच घेतला. त्यांना लाउडस्पीकर सोसत नसे. हे त्यांनी मंडळाच्या वर्गणीवाल्या पोरांना मात्र शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

आमच्या घरात मात्र काही ठरेना. बाबांनी थोडे पैसे बाजूला ठेवले होते आणि त्यातून त्यांना रेडिओ घ्यायचा होता. मुंबईचा निकाल दिल्लीत लागणार आणि तो आपण शेजाऱ्याच्या दारात उभं राहून ऐकायचा, ही कल्पना त्यांना सहन होत नव्हती. बंगल्याबद्दल ते एकच म्हण ऐकवायचे, "भागीचं घोडं किवणानं मेलं." म्हणजे चोवीस मालकांचं घोडं, त्याच्या जखमेत किडे पडले तरी औषध कोण लावणार? कौलं फुटली तर कोण बदलणार? यात खोटं काही नव्हतं. आत्याचं तर म्हणणं, धडधाकट माणसांनी हवापालटाला जाणं हीच मुळात थेरं. हवापालट खोकला झालेल्यांनी करावा.

आणि आपण सुट्टीला जातोच की, बाबा म्हणाले. दर मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून बोटीने कोकणात, गावच्या घरी. फुकट.

हे ऐकलं तेव्हा आई तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"गावी वीस माणसं असतात," ती म्हणाली. "विहिरीचं पाणी मी ओढते. आंब्याची साठं मी घालते, पापड मी लाटते. पहाटे पहिली चूल मी पेटवते, रात्री शेवटचं भांडं मी घासते. तुमची असते ती सुट्टी. माझी नुसती बदली होते."

कारकुनाच्या घरात बदली शब्दाचं वजन काय असतं, ते सांगायला नको. बाबा म्हणाले, "अगं, पण तुला झालंय काय? हवापालट करायला काही आजार तर हवा."

"व्हायची वाट बघू या का?" आई म्हणाली.

मी तेरा वर्षांची होते. तोपर्यंत आई कधी थकते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नळाला पहाटे चारला पाणी यायचं आणि सहाला जायचं. मी उठायचे तेव्हा सगळी पिंपं भरलेली असायची. ती आपोआप भरतात, अशी माझी समजूत होती म्हणायला हरकत नाही. आज त्याची लाज वाटते.

बाबा आठ दिवस विचार करत राहिले आणि तेवढ्यात तक्ता भरला. उरला फक्त एक पक्ष, भाद्रपद वद्य. म्हणजे पितृपक्ष. त्या पंधरवड्यात कोणी नवं काही घेत नाही, शुभ काही करत नाही, आणि पितरांना जेवू घालायचं सोडून लोणावळ्याला कोण जाणार? नावडतीचं मीठ अळणी, तसं त्या पक्षाचं झालं होतं. पण चोविसावा गडी मिळाल्याशिवाय व्यवहार पुरा होत नव्हता. म्हणून एका रविवारी शिरस्तेदारकाका आपली वही घेऊन आमच्याकडे आले.

त्यांनी बाबांना बरंच समजावलं. बाबांनी घोड्याची गोष्ट सांगितली. काका उठायला लागले, तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दाराशी आली. हात पिठाचे होते.

"भाऊजी, एक विचारू? अधिकाचं काय केलंत?"

काकांना प्रश्न कळला नाही.

"दर तीनेक वर्षांनी अधिक महिना येतो. त्या वर्षी पक्ष सव्वीस होतात. तुमच्या तक्त्यात घरं चोवीस. ते दोन पक्ष कोणाचे?"

काका खाली बसले. हयातभर दुसऱ्यांच्या कागदांतल्या चुका काढलेला माणूस आपल्याच लाल रेघांकडे बघत राहिला. वाडीतल्या सगळ्या शिकलेल्यांनी तो तक्ता पाहिला होता. पण अधिकाची आठवण ठेवतात ती उपासतापास करणारी माणसं, आणि त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

"अधिक म्हणजे मलमास, वहिनी," ते शेवटी म्हणाले. "त्याला कोण धनी?"

"धनी नाही ना? मग तो आमच्या नावावर लिहा. कोणी घेत नाही तो पितृपक्ष आम्ही घेतो, त्याच्यावर अधिक आमचा."

काकांना आपण स्वस्तात सुटलो असं वाटलं. त्यांनी लगेच पेनचं टोपण काढलं. "अधिक महिना आल्यास तो भाद्रपद वद्यवाल्यांकडे," त्यांनी मोठ्याने म्हणत लिहिलं.

"मग तो कोणताही असो," आई म्हणाली. "तेही लिहा."

त्यांनी तेही लिहिलं. बाबा उघड्या तोंडाने बघत होते. "आता घेतलाच म्हणायचं का?" त्यांनी विचारलं. "तुम्हीच सही करायची आहे," आई म्हणाली आणि पोळ्या लाटायला आत गेली. बाबांनी सही केली. रेडिओ गेला.

काका गेल्यावर आत्या कडाडली. "पितरं काय लोणावळ्याला येणार आहेत?"

"वन्सं, पितरांना तिकीट पडत नाही," आई म्हणाली.

मग तिने आम्हाला खरी गोष्ट सांगितली. आदल्या सोमवारी देवळातून येताना तिने तिथल्या गुरुजींना विचारून घेतलं होतं की पुढचा अधिक कोणता. गुरुजींनी बोटांवर मोजून सांगितलं, ज्येष्ठ. म्हणजे मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत पुरे तीस दिवस. "आणि अधिकात," आई म्हणाली, "सण नाही, मुंज नाही, लग्न नाही. जावयाला वाण द्यायचं असतं, तर जावई अजून यायचाय. वर्षभरात कोणाचंच काही देणं लागत नाही, असा तेवढाच महिना." हे सांगताना ती हसत होती. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात मुंबईसह महाराष्ट्र झाला. बाबांनी पेढे वाटले, वाडीभर गुलाल झाला. ते आईला म्हणाले, "मिळाली बघ मुंबई!" आई म्हणाली, "तुम्हाला राज्य मिळालं, मला पक्ष मिळाला. फिटंफाट."

त्या भाद्रपदात आम्ही पहिल्यांदा बंगल्यावर गेलो. ज्यांना आषाढ-श्रावण मिळाले होते ते नुसते पावसात कुजून परत आले होते. आम्ही गेलो तेव्हा पाऊस हटत आला होता, डोंगर पिवळ्या फुलांनी भरले होते, आणि हवा अशी की पुन्हा पुन्हा श्वास घ्यावासा वाटे. आजोबांच्या, म्हणजे अण्णांच्या, तिथीला आत्याने कौलावर घास ठेवला. गिरगावात कावळा कधीकधी अर्धा तास ताटकळत ठेवायचा. इथे पान ठेवून हात मागे घ्यायच्या आत दोन कावळे उतरले. आत्या बघतच राहिली. "अण्णांना इथलं आवडलं," ती डोळे पुसत म्हणाली. त्यानंतर कोणी थेरं म्हटलं तर आत्याच अंगावर जायची.

पण आई त्या पंधरा दिवसांत काही बसली नाही. श्राद्धाचा स्वयंपाक होता, पाहुणे होते, शनिवारी येणारे बाबा होते. रोज पहाटे चारला उठून ती कामाला लागायची. मला वाटलं, हीसुद्धा बदलीच झाली.

पाडव्याला नवी पंचांगं आली आणि वाडीत बॉम्ब पडला. अधिक ज्येष्ठ! तळमजल्यावरचे कापडवाले ज्येष्ठ शुद्धाचे मालक होते. ते तरातरा जिना चढून आले. "अधिक असला तरी ज्येष्ठच ना? मग माझा! माझे दिवस जूनच्या पावसात ढकलता?" खाली घोळका जमला. प्रकरण शिरस्तेदारकाकांपुढे गेलं. काकांनी चष्मा लावला, वही उघडली आणि आपलंच अक्षर सावकाश वाचून दाखवलं. "मग तो कोणताही असो," या शब्दांवर ते क्षणभर थांबले.

"लिहिलंय म्हणजे लिहिलंय," त्यांनी निकाल दिला. मग आईकडे बघून हात जोडले. "वहिनी, तुम्ही कोर्टात असता तर माझी नोकरी गेली असती."

आईने कापडवाल्यांकडे दोन डझन आंबे पाठवले. दिवस एकही दिला नाही.

निघण्याआधी तिने आम्हाला तिघांना समोर बसवलं. पक्ष तिचा होता, तेव्हा शिस्तही तिचीच असणार होती. स्वयंपाक आत्याने करायचा, झाडलोट आणि भांडी मी, पाणी आणि चहा बाबांनी. बाबांनी साठलेली सगळी रजा काढली होती. "पक्षादेश मान्य आहे," ते म्हणाले. त्यांना वाटलं, थट्टा चालली आहे.

तिथल्या पहिल्या सकाळी मी जागी झाले तेव्हा ऊन खिडकीतून पार आत आलं होतं. बाबा पडवीत स्टोला पिन मारत बसले होते, आत्या जांभळं धूत होती. कोपऱ्यात आईचं अंथरूण अजून पसरलेलं होतं आणि त्यात आई होती. गालाखाली हात, तोंड किंचित उघडं. मी घाबरले. पहिल्यांदा वाटलं, हिला काहीतरी झालं. मग कळलं, ती झोपली आहे. चौदा वर्षांत आई झोपलेली मी कधी पाहिलीच नव्हती. मी झोपल्यावर ती झोपायची आणि मी उठायच्या आत उठायची.

नंतर तिने सांगितलं, सवयीने चारला जाग आली होती. ती उठून मोरीत गेली, नळ सोडला, पाणी येतंय बघितलं, नळ बंद केला आणि परत येऊन पडली.

मी तिच्याकडे बघत उभी होते, तेवढ्यात फाटकाशी दूधवाल्याने आरोळी दिली. मुंबईतल्या एकेका मैदानावर पाच वर्षं घसा फोडून ओरडलेले माझे बाबा अनवाणी धावत गेले आणि दोन्ही हात हलवत त्याला गप्प केलं. "ओरडू नका हो," ते कुजबुजले, "आमच्या घरातलं माणूस झोपलंय."

आई साडेनऊला उठली. बाबांनी चहाचा कप तिच्या हातात दिला आणि तिने तो पाय पसरून, बसून प्यायला. साखर घालायची राहिली होती. तिने सांगितलं नाही, आणखी अर्धा कप मागितला.