लाखेनं सांधलेला कप

परवा पोस्टात पार्सलावर तापलेली लाख ओतली आणि त्या वासासरशी पुणतांब्याचं आमचं स्वयंपाकघर आठवलं. बहात्तरच्या दुष्काळातला तो उन्हाळा. गोदावरीचं पात्र पार पलीकडच्या काठापर्यंत कोरडं पडलं होतं. क्षयानं खंगलेल्या माझ्या थोरल्या बहिणीला सासरच्यांनी आमच्याकडे आणून सोडलं होतं. तिचा चिनी मातीचा कप आम्ही वेगळा ठेवायचो. एका दुपारी खोकल्याची उबळ आली आणि कप तिच्या हातून पडून दुभंगला. वडील म्हणाले, "टाकून द्या त्यो. नवा आनतो बाजारातनं." ती म्हणाली, "आता नवा कशाला, आन्ना?" विळ्याच्या मुठीत भरायची लाख आईनं चुलीवर पातळ केली, दोन्ही तुकडे जोडले आणि ती पक्की होईपर्यंत कप हातात धरून बसली. त्यावर वाकडीतिकडी लाल रेघ उमटली. बहिणीनं रेघेवरून सावकाश बोट फिरवलं. "आपली गोदावरी अशीच वळती बग," ती मला म्हणाली, "आदीपेक्षा चांगला झाला." त्या कपातून ती गार पाणी प्यायची, पण पाऊस येण्याआधीच गेली. त्याच पावसाळ्यात नदीला पूर आला. सगळं गाव बघायला घाटावर लोटलं. आई तेवढी तो कप हातात धरून बसली, चुलीपुढून हलली नाही. आता मी आईच्या तेव्हाच्या वयाच्याही पुढे आलेय, आणि नदी भरली की शेजारणी हाक मारतात तेव्हा "तुमी व्हा पुढं" म्हणून मीही दार लोटून घेते.