आईने ओळखलेला प्राणी

पंक्चरच्या दुकानातला सोल्युशनचा वास आला की मला ठाण्याच्या वर्तकनगरमधला आमच्या कॉलनीचा हॉल आठवतो. कॉलेजात असताना आम्ही मित्रमैत्रिणींनी एक भीतीदायक सिनेमा काढलेला. डोंगरातल्या ओसाड बंगल्यात अडकलेली पाच माणसं आणि त्यांना एकेक करून गाठणारा दंतकथेतला केसाळ प्राणी. तो प्राणी मी होते. गोणपाट शिवून त्यावर पंक्चरच्या सोल्युशनने काथ्या चिकटवलेलं कातडं घालून मी येऊरच्या झाडीत चार रविवार घामाघूम झाले आणि घरी सांगितलं, क्लास आहे. आईला नाटक-सिनेमाचं वेड मुळीच चालायचं नाही. पण चेहरा दिसतच नव्हता, म्हणून मी निर्धास्त होते. सिनेमा दाखवायच्या संध्याकाळी शेजारणींबरोबर आईही आली. प्राणी माझ्या नेहमीच्या सवयीने पाय घासत दाराआडून बाहेर पडला तशी पोरं किंचाळली, कुणी खुर्चीखाली शिरलं, आणि त्या गलक्यात आईचा आवाज आला, "अगं, पाय उचलून टाक, पडशील!" सगळा हॉल हसत सुटला. माझे कान तापले.  घरी आल्यावर तिने माझ्या मानेवरच्या, काथ्याने उठलेल्या आणि मी घामोळं म्हणून खपवलेल्या चट्ट्यांना खोबरेल तेल लावायला घेतलं आणि म्हणाली, "पोरं केवढी घाबरली गं! पण ते कातडं शिवलं कुणी? खांद्यात उसवलेलं. पुढच्या वेळी मला सांग." आता माझ्या प्रत्येक नाटकाचे कपडे तीच शिवते, आणि पहिल्या रांगेत बसून माझ्याआधी टाके बघते.