बदक लाल आहे

शाळेत टॅबलेट आले त्या दिवशी त्यांच्यापुढे नारळ फुटला. फळ्याहून मोठा फ्लेक्स लागला. त्यावर देणगीदार कंपनीचं नाव मधोमध होतं आणि शाळेचं नाव कोपऱ्यात अंग चोरून उभं. एका साहेबांनी भाषणात सांगितलं की आता गिरडच्या टेकडीमागचं पोरही जगाशी स्पर्धा करेल. ती पोरं तेव्हा मातीत मांडी घालून बसली होती, कारण सतरंज्या पाहुण्यांच्या खुर्च्यांखाली गेल्या होत्या.

माझे वडील कामगार संघटनेत होते. स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर उरलेली पत्रकं अंथरलेली असत आणि मी वाचायला शिकले ती डब्यांच्या मधल्या जागेत. ‘क्रांती’ हा शब्द कोणी फुकटात वापरला की म्हणूनच माझं डोकं फिरतं. साहेबांनी तो चहा येईपर्यंत वापरला.

शाळेला हवा होता शिक्षक. चार वर्गांना आम्ही दोघं, मुख्याध्यापक आणि मानधनावरची मी. शिक्षक मागितला की टॅबलेट मिळतो. त्याला पगार लागत नाही, तो मोर्चात जात नाही आणि उलट बोलत नाही. मी चौथीला फळ्यावर भागाकार शिकवत असताना दुसरी-तिसरीच्या पोरांना व्हरांड्यात गप्प बसवायचं, एवढंच काम त्याला होतं, आणि ते त्याने इमानदारीने केलं.

त्यात गणिताचं अ‍ॅप होतं. प्रत्येक पोराला नावाऐवजी एक चित्र: मोर, हत्ती, ससा, वाघ. उत्तर बरोबर आलं की टाळ्या वाजत. चुकलं की एक गोड बाई म्हणे, “अरेरे, पुन्हा प्रयत्न करूया हं.” असं कोणी समुद्रपूर तालुक्यात बोलताना मी तरी ऐकलेलं नाही. एक पायरी झाली की दुसरी उघडे, आणि तालुक्याच्या कचेरीत कोणाच्या तरी पडद्यावर ते चित्र हिरवं होई. सगळी चित्रं हिरवी झाली. एकच लाल राहिलं. बदक.

बदक म्हणजे तिसरीतली एक गोंड पोट्टी. घरी गोंडी, शाळेत मराठी, आणि दोन्हीकडे कमी बोलणारी. तिचे आईवडील रोजमजुरीने लोकांच्या वावरात जात. मी फळ्यावर हातच्याची वजाबाकी अर्धी मांडते तोवर तिचं उत्तर तयार असे. हे मी तालुक्याहून तपासणीला आलेल्या साहेबांना सांगितलं.

“मॅडम, तुमचं प्रेम समजू शकतो,” साहेब म्हणाले. “पण डेटा बोलतो.”

“साहेब, तुम्ही तिला एक उदाहरण घालून बघा ना.”

“मग ही सिस्टीम कशाला आणली?”

त्यांनी पालकसभेत, सगळ्यांसमोर, तिच्या आईला सांगितलं की मुलगी कच्ची आहे, एक ते वीसपासून पुन्हा करावं लागेल. आई पदराने तोंड पुसत ऐकत राहिली. दुसऱ्या दिवशी पोरगी शाळेत आली नाही. कापसाची वेचणी सुरू होती.

मी मुख्याध्यापकांकडे गेले. ते म्हणाले, “वेचणीत पोट्टे येतच नाई मॅडम, तुम्ही नवीन आहा.” आणि साहेबांना पाठवायचा नारळाचा फोटो शोधत राहिले.

त्या आठवड्यात व्हरांड्यातून टाळ्या येणं बंद झालं. दिवसभर ती गोड बाईच बोलत होती. अरेरे, अरेरे. मी बाहेर जाऊन बघितलं तर मोर, हत्ती, ससा सगळे वजाबाकीपाशी अडून बसलेले.

“काय झालं रे?”

“ती नाई ना मॅडम,” वाघ म्हणाला. “मंग वजाबाकी कोन करन?”

हळूहळू सगळं बाहेर आलं. पोरांनी टॅबलेट घरच्या रिवाजाने चालवला होता. आज सगळे मिळून तुझ्या वावरात, उद्या माझ्या, आणि ज्याचा ज्या कामात हात बसलेला त्याने ते काम करायचं. चित्रं जुळवायला मोर, घड्याळ वाचायला ससा, वजाबाकीला ती. फळ्यावरचं प्रत्येकाचं आपापलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण हे तर कामच होतं, आणि काम कोणी एकट्याने करतं का? ती सगळ्यांच्या पायऱ्या चढवत राहिली. तिची पाळी आली की सुट्टीची घंटा व्हायची.

संध्याकाळी मी वावरात गेले. आई वावराच्या कडेला धुऱ्यावर कापसाचा गठ्ठा बांधत होती, पोरगी तो दाबून धरत होती.

“ताई, हिला शाळेत पाठवा,” मी म्हटलं.

“कायले? मशीन म्हनते हिले येत नाई.”

“मशीन खोटं बोलतं.”

“कापसाच्या काट्याची मशीन खोटं बोलते ते आमाले मालूम हाय. पर हे तं साहेबानं सांगतलं.”

मी पोरांनी सांगितलेलं सगळं तिला सांगितलं. साहेबांना जे पटवायला मला जन्म लागला असता, ते तिला अर्ध्यातच समजलं. तिने गठ्ठा सोडला आणि लेकीकडे वळली.

“सर्वायचं काम तूनं केलं?”

पोरगी मान हलवून हो म्हणाली.

“आन तुयाकडं कोनीच नाई आलं?”

ती सुटलेला गठ्ठा पुन्हा दाबू लागली.

दुसऱ्या दिवशी वेचणीला जायच्या आधी आई शाळेच्या दारात उभी. अधिकाऱ्यासमोर तोंड न उघडलेली बाई पोरांसमोर मात्र बोलली. “इनं तुमचं केलं. आता तुमी इचं करा. तुमचं फिटतवरी येईन थे शाळेत. मंग माह्यासंग.”

वाघाने बदकाचा टॅबलेट हातात घेतला आणि पहिल्याच वजाबाकीला हरला. परतफेड करायची तर आधी वजाबाकी यायला हवी. पोरगी त्याच्याजवळ सरकी, कापसाचं बी, घेऊन बसली. दहाचा ढीग मोडून दाखवला, पुन्हा रचला, पुन्हा मोडायला लावला. तिला फारसं बोलावं लागलं नाही. दुपारपर्यंत अख्खा व्हरांडा सरकीने भरला होता आणि बदकाची एक पायरी झाली होती.

सुट्टीत वाघ माझ्याकडे आला. “मॅडम, आमचं फिटलं का मंग ती वेचणीले जाईन?”

“आई तसंच म्हणाली.”

त्याने थोडा विचार केला आणि बाकीच्यांना गोळा करून काहीतरी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून बदकाची पायरी पूर्ण व्हायला आली की कोणीतरी मुद्दाम चुकीचं बोट ठेवू लागलं.

वेचणी संपत आली तेव्हा साहेब पुन्हा आले. त्यांना पडदा बघायचा होता. सरकीच्या ढिगांना ओलांडून ते माझ्यापर्यंत आले आणि म्हणाले, “मॅडम, बाकीचे तुमचे थांबलेत. आणि हे बदक फारच हळू चाललंय.”

“हो साहेब,” मी म्हटलं. “त्याला घाई नाही.”